काच नवी, वास आंबट

पुढची काच फुटली की गाडीवाला हादरतो. मागची फुटली की म्हणतो, "बसवून घेऊ कुठंतरी." आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तर हे सर्रास चालतं. उसाच्या ट्रॉल्या, पपईचे ट्रक, खडीचे डंपर सतत रस्त्यावर. इथं काच फुटणं ही बातमीच नाही. त्यामुळं मागच्या काचेचं काम किरकोळात धरलं जातं आणि चौकशीही तेवढीच होते: किती घेणार आणि कधी देणार? माझ्या गाडीची मागची काच दोनदा बसवावी लागली. पहिल्यांदा ती फुटली म्हणून, दुसऱ्यांदा ती बसवली होती म्हणून. त्या दुसऱ्या खेपेला जे कळलं, ते इथं मांडतो आहे.

माझं शहाद्यात कृषी सेवा केंद्र आहे. दुकान असलं तरी निम्मा दिवस शेतात जातो. कुणाच्या पपईवर मोझॅक, कुणाच्या मिरचीवर बोकड्या. भाद्रपदातली गोष्ट. प्रकाशाच्या रस्त्याला एका पपईच्या बागेशी गाडी लावली होती. बांधावर गुडघाभर गवत, आणि एक पोरगा ब्रश कटर चालवत होता. पात्यानं एक खडा उडवला. 'टक' असा बारीकसा आवाज झाला, एवढंच. मी वळून पाहिलं तर डिकीची काच जागेवरच होती, पण अख्खी पांढरी झालेली. जवळ गेलो तर आतून चरचर आवाज येतच होता. कटर बंद करून पोरगा धावत आला. "काच फुटनी ना भाऊ!" म्हणाला आणि कोपऱ्याला बोट लावायला गेला. मी नको म्हणेपर्यंत निम्मी काच डिकीत आणि निम्मी मातीत. रोजंदारीवरचा पोरगा, त्याच्याकडून काय भरून घेणार?

एवढ्याशा खड्यानं सबंध काच जावी याचं त्याला नवल वाटलं, आणि खरं तर मलाही. पुढची काच अशी कोसळत नाही. ती दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा घालून केलेली असते. तडा जातो, पण पडदा तुकडे धरून ठेवतो. मागची बहुतेक गाड्यांत एकेरी आणि टफन केलेली असते. काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवायची आणि हवेच्या झोतांनी झटक्यात थंड करायची. बाहेरचा थर आधी आळतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला कायम दाबून ठेवतो. त्या दाबामुळंच ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत होते. पण टोकदार खड्यानं तो थर एका ठिकाणी जरी भेदला, तरी कोंडलेला सगळा ताण एकदम सुटतो आणि काचेचे बोथट कडांचे बारीक तुकडे होतात. माणसाला सुरीसारखा मोठा तुकडा लागू नये म्हणून केलेली ही सोय आहे.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, मागच्या काचेचा तडा भरून मिळत नाही. पुढच्या काचेवरचा छोटा टवका भरतात, तो प्रकार इथं चालत नाही. काच बदलावीच लागते. दुसरी, टफन केल्यावर काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. वायपरचं भोक कारखान्यातूनच यावं लागतं. "मोठी काच आणून कापून बसवतो" असं कुणी म्हणालं, तर तो साधी काच बसवणार आहे असं समजा आणि तिथून निघा.

पहिले काही तास

काच फुटल्यावर आधी फोटो काढा: नंबर प्लेटसह गाडी, फुटलेली जागा, आजूबाजूचा परिसर. विमा वापरायचा की नाही ते नंतर ठरेल, पण झाडलोट झाल्यावर फोटोला अर्थ उरत नाही. मग तुकड्यांमधून शिक्का असलेला तुकडा शोधा. काचेच्या खालच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव, काचेचा प्रकार आणि आयएसआयची खूण असते. तो तुकडा पुडीत बांधून ठेवा; नवी काच मागवताना त्याचा फोटो पाठवता येतो.

तुकडे हातानं चाळू नका. वॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. नसेल तर मोठे तुकडे सुपलीत भरा आणि सीटच्या कापडात रुतलेला चुरा कणकेच्या ओल्या गोळ्यानं टिपा. गोळा नंतर पुरून टाका, जनावराच्या तोंडी जायला नको. मागच्या सीटचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून पाहा. डिकीच्या दाराच्या पोकळीत बरेच तुकडे पडतात. आतलं प्लॅस्टिकचं झाकण काढून ते उपसले नाहीत, तर खड्ड्याखड्ड्याला दार खुळखुळ्यासारखं वाजत राहतं.

नवी काच येईपर्यंत गाडी झाकायची कशानं? आमच्याकडं हाताशी असतो मल्चिंग पेपर. मीही आधी तोच लावला, पण तो अपारदर्शक, मागचं काही दिसत नाही. जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या. रंगावर चिकटपट्ट्या मारू नका. उन्हात त्या भाजून बसतात आणि काढताना रंगही घेऊन येतात. डिकीचं दार उघडा, प्लॅस्टिक बाहेरून दारावर पसरा, कडा आत दुमडा आणि दार हलकेच लावा. दाराचं रबर प्लॅस्टिक धरून ठेवतं.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. मागची काच नसताना गाडी चालवली की गाडीमागं हवेची पोकळी होते आणि सायलेन्सरचा धूर त्या वाटेनं आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्लॅस्टिक सैल असलं तरी हेच होतं. म्हणून पुढच्या दोन्ही काचा उघड्या ठेवा, एसीचं बटण आतलीच हवा फिरवण्यावर ठेवू नका, मागच्या सीटवर लेकरं बसवू नका, आणि लांबचा प्रवास टाळा.

विमा: आधी हिशेब, मग फोन

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या काचेचा छदामही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर काच त्यात बसते, आणि काचेला घसाराही कापला जात नाही. रबर-प्लॅस्टिकच्या भागांना मात्र ५० टक्के कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये प्रत्येक दाव्यात आपल्या खिशातून जातात.

खरा खर्च दिसत नाही तो नो क्लेम बोनसचा. एकही दावा न करता वर्षं गेली की गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. एक दावा केला की शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून. समजा, तुमचा हा हप्ता बोनसआधी ६,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात. दाव्यानंतरच्या पाच वर्षांत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सूट गमावता. बेरीज १२५ टक्के, म्हणजे ७,५०० रुपये. त्यात वरचे १,००० मिळवा. गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरतो, म्हणून आकडा थोडा कमी धरा. तरी या उदाहरणात पाच-सहा हजारांच्या काचेसाठी दावा करणं म्हणजे स्वतःच्याच खिशातून काढून स्वतःला देणं. काही पॉलिसींत नुसत्या काचेच्या दाव्यानं बोनस जात नाही. तसं कलम आपल्या कागदात आहे का, ते आधी विचारा. दावा करायचाच असेल, तर कंपनीला कळवल्याशिवाय कामाला हात लावू देऊ नका.

कोणती काच मागवाल

शहाद्यात किंवा नंदुरबारात आपल्या मॉडेलची मागची काच तयार मिळेलच असं नाही. धुळ्याहून, नाशिकहून किंवा सुरतहून मागवावी लागते. फोनवर नुसतं गाडीचं नाव सांगितलं की चुकीची काच येते. एकाच गाडीला मागच्या काचेचे चार प्रकार असू शकतात: साधी, डीफॉगरची (काच तापवून दव घालवणाऱ्या रेघांची), वायपरच्या भोकाची, आणि ॲन्टेनाच्या रेघा छापलेली. आरसी बुकावरचा १७ अक्षरी-आकडी चासी नंबर, मॉडेलचं वर्ष आणि शिक्क्याचा फोटो पाठवा.

कंपनीच्या डब्यातलीच काच हवी असं नाही. सेंट-गोबेन सेक्युरिटसारख्या काच कारखान्यांचा माल गाड्यांच्या कंपन्यांना जातो, तसा बाजारातही मिळतो; सेक्युरिटचा कारखाना तर आपल्याच चाकणला आहे. काचेवर आयएस २५५३ आणि आयएसआयची खूण हवी. दुसरी अट प्रकाशाची. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. "काळपट देतो, ऊन लागणार नाही" या आमिषाला भुलू नका.

काच बसच्या टपावरून किंवा पार्सलनं येणार असेल, तर ती उभी बांधून आली का ते पाहा. टफन काचेचा कमकुवत भाग म्हणजे तिची कड. कडेला टवका असेल तर काच घेऊ नका. ती आज फुटली नाही तर वैशाखातल्या उन्हात फुटेल. डीफॉगरच्या रेघांना तारा जोडायचे दोन पत्रे असतात, तेही जागेवर आहेत ना, ते पैसे देण्याआधी बघा. माझ्या काचेचा एक पत्रा वाटेतच निखळला होता. तो तसाच झाकणाखाली गेला आणि मला कुणी सांगितलंही नाही.

पहिली बसवणी

काच ज्या ठिकाणी बसवली, तिथला माणूस हाताचा जुना होता. आमच्या भागातल्या जुन्या मेकॅनिकांनी जीपा, मेटॅडोर, ॲम्बेसेडर यांच्या शेकडो काचा बसवल्यात. त्या काचांना भोवती रबराची चौकट असायची. रबराच्या खाचेत सुतळी घालायची, काच बाहेरून लावायची, आणि आतून सुतळी ओढत गेलं की रबराचा ओठ पत्र्यावर चढत जायचा. पाहत राहावं असं काम. पण आताच्या बहुतेक गाड्यांत मागची काच पॉलियुरेथेनच्या, म्हणजे पीयूच्या, चिकटवणीनं पत्र्याला सांधलेली असते. तिला धरून ठेवायला दुसरं काहीच नसतं. ही चिकटवणी काय आहे, यावर सगळं काम उभं.

माझ्या काचेला लावलं गेलं साधं सिलिकॉन, बेसिनच्या कडेला लावतात ते. गाडी ताब्यात घेतली तेव्हा आत आंबट वास भरला होता, व्हिनेगरची बाटली सांडल्यासारखा. "नवीन कामाचा वास आहे, उडून जाईल," असं उत्तर मिळालं. वास उडाला. पण हा वास असतो ॲसिटिक ॲसिडचा. या जातीचं सिलिकॉन सुकताना ते सोडतं आणि उघड्या पत्र्याला त्यानं गंज धरतो. गाडीची काच बसवल्यावर आंबट वास आला, तर दुसरी परीक्षा घ्यायची गरज नाही.

अश्विनात पाहुण्यांना घेऊन तोरणमाळला गेलो. घाटात ढग उतरले होते. डीफॉगर लावला तर काचेवरचं दव हललंही नाही. वर यशवंत तलावापाशी डिकी उघडली तर सामानाखालचा गालिचा ओला. तो उचलून पाहिलं, तर स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि जॅकला तांबूस गंज चढला होता. काचेच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी उतरत होतं. सिलिकॉनची पट्टी नखानं उचलली, तर सरळ निघत आली.

परत जाब विचारायला गेलो, तर बिलच नव्हतं. "पाणी दुसरीकडून येत असेल" या उत्तरापुढं दाखवायला माझ्याकडं कागद नव्हता. म्हणून सांगतो, काचेचा प्रकार, चिकटवणीचं नाव आणि गळतीची हमी लिहिलेलं जीएसटीचं बिल घ्याच.

दुसरी बसवणी

सुरतला खत कंपनीच्या बैठकीला जायचंच होतं. नवापूर, सोनगड, बारडोली करत गाडी तिथंच नेली. तिथल्या उधन्यात काचेचं काम करणाऱ्या एकानं नंदुरबारची एमएच ३९ ची पाटी पाहिली आणि विचारलं, "कोठला शेतस भाऊ?" सुरतेत खानदेशी माणूस भेटला तर नवल नाही; हा दोंडाईच्याकडचा निघाला. त्यानं पट्टीचा तुकडा काढून नाकाला लावला आणि म्हणाला, "सिलिकॉन. नव्या कामापेक्षा हे काढायलाच वेळ जाईल." कारण सिलिकॉनचा अंश राहिला तर त्यावर पीयू धरत नाही.

काम जवळ उभं राहून पाहिलं. बारीक तारेनं काच सोडवली. पत्र्यावरचं सिलिकॉन पात्यानं खरवडलं, पुन्हा पुन्हा पुसलं. कारखान्याचा जुना पीयू मात्र त्यानं समूळ काढला नाही, पातळ थर मुद्दाम ठेवला. नव्या पीयूला तोच सर्वांत चांगला धरतो. पत्रा उघडा पडलेल्या जागा गंज घासून प्रायमरनं झाकल्या. काचेच्या काळ्या कडेलाही प्रायमर लावून सुकू दिला. ती काळी कड शोभेची नसते. उन्हानं चिकटवणी खराब होऊ नये म्हणून असते. मग बंदुकीतून पीयूची उभी त्रिकोणी वात, कुठंही न तोडता, चारी बाजूंनी. काच दोघांनी धरून एकदाच टेकवली. निखळलेला पत्रा वीजवाहक चिकटवणीनं रेघेला जोडला आणि इंजिन चालू ठेवून काच कोमट होते का, ते माझाच हात लावून दाखवलं.

पीयू हवेतल्या ओलाव्यानं पिकतो. म्हणजे भाद्रपदात लवकर आणि आमच्या कोरड्या वैशाखात सावकाश. सांधायची जागा मात्र कोरडी ठणठणीत हवी. ट्यूब जुनी असेल तर माल आतच पिकू लागलेला असतो. म्हणून ट्यूब तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि तारीख वाचा. गाडी किती वेळानं चालवायची तेही ट्यूबवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. मेकॅनिकच्या घाईवर ठरवू नका. पहिला दिवसभर एक काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर दार आपटताच आतल्या हवेचा दाब ओल्या सांध्यावर येतो. प्रेशरनं धुणं काही दिवस नको. नंतर आतून काच पुसताना पातं किंवा तारेची घासणी लावू नका. डीफॉगरची रेघ एकदा तुटली की तेवढी ओळ बंद.

गाडी ताब्यात घेताना एक परीक्षा तिथंच करा. ट्यूबवरची वेळ होऊन गेली की एकाला टॉर्च घेऊन डिकीत बसवा आणि बाहेरून काचेच्या वरच्या कडेवर तांब्यानं सावकाश पाणी सोडा. मग स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून पाहा. डीफॉगर, मागचा वायपर आणि वरचा ब्रेकचा दिवा चालवून बघा.

आमच्या जिल्ह्यात हे काम चांगलं करणारे हात नक्कीच आहेत. सुरतच गाठायला हवी असं नाही. कामाआधी एकच प्रश्न विचारा: "दादा, काच कशानं चिकटवणार?" उत्तर "पीयू" आलं आणि ट्यूब समोर ठेवली गेली, तर गाडी खुशाल सोपवा. उत्तर "मस्त पक्की बसवतो" एवढंच आलं, तर डिकीवर प्लॅस्टिक आहे तसं असू द्या आणि पुढचं दुकान विचारा.